प्रशिक्षणाचे अनुदान नेमके कोणाच्या पदरात पडते?

मे २०२५ मध्ये राज्य सरकारने सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवले. आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटीही त्याच वाटेने गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि समाजातूनही संताप उमटला. तो संताप रास्तच होता. अनुसूचित जातींसाठीचा निधी ही कोणाची खैरात नाही. १९७९-८० पासून सुरू झालेल्या विशेष घटक योजनेचे तत्त्वच असे, की लोकसंख्येच्या प्रमाणात अंदाजपत्रकातला वाटा मिळाला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे.

पण आज आम्हाला दुसरा प्रश्न विचारायचा आहे. जो पैसा वळवला जात नाही, जो खरोखर वंचित तरुणांच्या प्रशिक्षणावर खर्ची पडतो, त्याचे पुढे काय होते?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडलेला ‘कॅग’चा अहवाल वाचला की काळजी वाटते. हा अहवाल २०१५ ते २०२२ या काळातील प्रधानमंत्री कौशल विकास योजनेवर आहे. ही योजना सर्वच जातीधर्मांच्या तरुणांसाठी आहे. तिच्या नोंदींत ९४ टक्क्यांहून अधिक प्रशिक्षणार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, निरर्थक शब्द किंवा कोरी जागा आढळली. अनेक लाभार्थ्यांच्या पुराव्यादाखल एकच छायाचित्र जोडल्याचेही दिसले. अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच काम लागले.

असे का होते? कारण पैसे देण्याच्या पद्धतीतच दोष आहे. केंद्राने २०१५ मध्ये ठरवलेल्या समान निकषांनुसार प्रशिक्षण संस्थेला ३० टक्के रक्कम वर्ग सुरू होताना आणि ५० टक्के प्रमाणपत्र मिळाल्यावर द्यायची होती. नोकरीशी जोडलेले होते ते फक्त उरलेले २० टक्के. म्हणजे एकाही मुलाला काम लागले नाही, तरी संस्थेच्या हाती ८० टक्के रक्कम येणार! मग धडपड कशाची होणार? मुले जमवण्याची आणि परीक्षा उरकण्याची. योजनेच्या चौथ्या टप्प्यात तर नोकरी लागली की नाही हे तपासण्यावरचा भरच सरकारने काढून टाकला.

मुलाच्या हाती काय येते तेही पाहा. अनुसूचित जाती आणि सफाई कामगार कुटुंबांचा समावेश असलेल्या ‘पीएम-दक्ष’ योजनेत विद्यावेतन महिन्याला एक ते दीड हजार रुपये, तेही ८० टक्के हजेरी भरली तर. मजूर नाक्यावर उभा राहणारा तरुण तेवढे पैसे काही दिवसांत कमावतो. त्याने घर कशावर चालवायचे? तो वर्ग मध्येच सोडतो आणि ‘यांना शिकायचेच नसते’ असा ठपका त्याच्याच माथी बसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांच्या तांत्रिक शिक्षणाची मागणी केली. केवळ शिष्यवृत्ती मागून ते थांबले नाहीत. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत या मुलांना उमेदवारीच्या जागा द्या, असे त्यांचे म्हणणे होते. जिथे काम आहे तिथेच शिक्षण, ही त्यामागची दृष्टी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यातही अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत. पण आपल्या वस्त्यांत अशा किती जणांना त्याची माहिती असते?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रशिक्षण अनुदानाचा किमान निम्मा हिस्सा, प्रशिक्षणार्थी सहा महिने पगारी कामावर टिकल्यानंतरच संस्थेला मिळावा. विद्यावेतन घर चालेल इतके असावे आणि ते थेट मुलाच्या खात्यात जमा व्हावे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सरकार सहा ते दहा हजार रुपये देऊ शकते, तर इथे दीड हजार का? आणि निधी वळवण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्रात झालाच पाहिजे. कर्नाटकात २०१३ पासून असा कायदा आहे, पण तिथेही या निधीतला पैसा हमी योजनांकडे गेल्याचे आरोप झाले. म्हणजे कायद्यासोबत समाजाची जागही हवी.

ही जाग आपल्या विहारांतून सुरू होऊ शकते. माहितीच्या अधिकारात जिल्हा समाजकल्याण कार्यालयाला चार प्रश्न विचारा: आपल्या तालुक्यात कोणत्या संस्थेला किती पैसे मिळाले, किती मुले शिकली, किती कामाला लागली, आणि आज त्यांचा पगार किती आहे? उत्तर रविवारच्या वंदनेनंतर सर्वांसमोर वाचा. यादीतली मुले आपल्याच गल्लीतली असतील. कागदावर नोकरीला लागलेला मुलगा समोरच बसलेला असेल, तर तोच सांगेल खरे काय ते.