पारेखवाडीचे गुप्त केंद्र आणि नावांची यादी

दि. 12 नोव्हेंबर 1942 रोजी गिरगावातील पारेखवाडीत पोलिसांची धाड पडली, तेव्हा ‘काँग्रेस रेडिओ’ या गुप्त नभोवाणी केंद्रावर ‘वंदे मातरम्’ची ध्वनिमुद्रिका सुरू होती. 22 वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी 27 ऑगस्टपासून 42.34 मीटरवर हे केंद्र चालवीत होते. वृत्तपत्रांवर सेन्सॉरचा बडगा होता; खरी वार्ता लोकांपर्यंत पोहोचावी, एवढाच हेतू. लहरींचा माग काढणाऱ्या पोलिसी गाड्यांना चकविण्यासाठी जागा वारंवार बदलली जाई. अखेर घात झाला तो यंत्रामुळे नव्हे. सारे ठाऊक असलेला एक तंत्रज्ञच फुटला. उषाताईंना चार वर्षांचा कारावास झाला.

नेमकी हीच फट बुजविण्याचा उद्योग आजचे काही संगणकतज्ज्ञ करीत आहेत. ‘टॉर’ ही प्रणाली अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत उगम पावली आणि 2002 पासून सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात संदेशावर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सांकेतिक वेष्टणे चढतात व तो सामान्यतः तीन संगणकांमधून जातो. प्रत्येकाला केवळ मागचा आणि पुढचा शेजारी माहीत. एक फुटला तरी पाठविणारा आणि मुक्काम, दोन्ही एकदम उघड होत नाहीत.

अशा प्रणाली रचणाऱ्यांकडे आपल्याकडे संशयाने पाहिले जाते. तो संशय अगदीच निराधार आहे, असे मुंबईकर तरी म्हणणार नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात दहशतवादी आणि त्यांचे पाकिस्तानातील सूत्रधार इंटरनेटवरील दूरध्वनीने बोलत होते. तपास यंत्रणांना ते बोलणे ऐकता आले. ते सांकेतिक असते तर काम कितीतरी अवघड झाले असते, हे मान्य करावेच लागेल. पण तेव्हा ऐकले गेले ते ठरावीक क्रमांकांवरचे बोलणे. त्यासाठी दादर-लालबागच्या प्रत्येक बिऱ्हाडाची नोंदवही उघडावी लागली नव्हती.

28 एप्रिल 2022 रोजी केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने वेगळाच मार्ग धरला. इंटरनेटवर आडोसा देणाऱ्या ‘व्हीपीएन’ सेवांनी सर्व ग्राहकांची नावे, पत्ते व सेवा घेण्याचा हेतू पाच वर्षे जपून ठेवावा, असा तो आदेश. हेतू सुरक्षेचा असेलही. परंतु यादी एकदा तयार झाली की ती कोणाच्या हाती पडेल, हे ती करणाऱ्याच्या हाती राहत नाही. जून 1975 मध्ये आणीबाणी आली, 4 जुलैला संघावर बंदी आली. त्या काळी भूमिगत पत्रके घरोघरी पोहोचविणाऱ्यांची नावे कोण्या वहीत लिहिलेली असती, तर ज्या घरांनी कार्यकर्त्यांना आसरा दिला त्यांचे काय झाले असते? त्या पिढीने कागदावर नाव ठेवू नये, हे पथ्य काटेकोरपणे पाळले. आज तेच पथ्य संगणकाला शिकविणारा तरुण गुन्हेगार कसा ठरतो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला आहे. संशयिताविरुद्ध पुरावा आणावा, आदेश घ्यावा आणि त्या एका दाराशी जावे.

बरे, या आदेशाने साधले काय? एक्सप्रेस व्हीपीएन, सर्फशार्क यांसारख्या कंपन्यांनी 2022 मध्येच भारतातील सर्व्हर काढून घेतले. सेवा बंद झाली नाही. ती परदेशातील सर्व्हरवरून चालू राहिली.