पुडीतली गोळी अचानक बंद केली तर? स्टेरॉइडचं नाव चिठ्ठीवर का हवं, समजून घ्या

गुडघे धरले, दम वाढला, अंग ठणकतंय. नांदेड-लातूरकडच्या गावांत अशा वेळी कागदाच्या पुडीत दोन-तीन रंगांच्या गोळ्या मिळतात. नाव नाही, पॉवर नाही. दुसऱ्या दिवशी आजी चालायला लागते आणि डॉक्टरच्या ‘हाताला गुण’ असल्याची ख्याती होते. अशा पुडीतली एखादी छोटी गोळी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड असू शकते.

स्टेरॉइड हे काही विष नव्हे. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर ॲड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल तयार करतात. पहाटे जास्त, रात्री कमी. रक्तदाब, साखर आणि आजारपणात तग धरणं यासाठी ते लागतंच. ही गोळी म्हणजे त्याच कॉर्टिसॉलची नक्कल. दमा, संधिवात, ल्युपस अशा आजारांत ती मोठा आधार आहे.

अडचण कुठे येते? लातूरकरांना टँकर नवा नाही, म्हणून तेच उदाहरण. टाकी रोज टँकरने भरली तर फ्लोट वर राहतो आणि नळाचं पाणी आत येत नाही. बाहेरून स्टेरॉइड आलं की मेंदू ॲड्रिनलला काम थांबवायला सांगतो. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ गोळी चालली तर ग्रंथी सुस्तावते. मग टँकर अचानक बंद केला तरी नळ लगेच सुरू होत नाही. कधी कधी महिने जातात. मधल्या काळात गळून जाणं, मळमळ, उलट्या, चक्कर, रक्तदाब आणि साखर खाली. मे महिन्यात असा पेशंट आला तर घरचे म्हणणार, ऊन लागलं. आणि गोळीचं नावच माहीत नसेल तर समोरचा डॉक्टर तरी काय ओळखणार?

कोरोनानंतर यात भीतीची भर पडली. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून दिसलं, की डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा नाही. तरी ते सरसकट दिलं गेलं. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही त्याची मोठी कारणं. तेव्हापासून ‘स्टेरॉइड’ शब्द ऐकला की काही जण गोळ्या फेकूनच देतात. न सांगता देणं जितकं वाईट, तितकंच हे धोक्याचं.

नियमाने स्टेरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे: पुडी बंदच व्हावी. पत्ता अख्खा द्या, चिठ्ठीवर मराठीत ‘स्टेरॉइड आहे, एकदम बंद करू नका’ एवढं लिहा. वेळ लागतो म्हणतात. एका ओळीला किती वेळ लागतो?

घरात कुणी महिनोन्‌महिने पुडी घेत असेल आणि चेहरा गोल, कातडी पातळ, जरा लागलं की काळंनिळं, साखर वाढलेली असं दिसत असेल, तर गोळी स्वतःहून थांबवू नका. पुडी घेऊनच नांदेडच्या विष्णुपुरीतल्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीत जा. डोस हळूहळू कसा उतरवायचा ते तिथे ठरेल. गरज वाटली तर सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करतात. ऑपरेशन किंवा दात काढणं ठरलं असेल, तर ही गोळी सुरू असल्याचं तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा.