मालिकेतला मास्तर आणि आपला दस्तगीर



मी नाटक-सिनेमाचा जाणकार नव्हे. मॅट्रिक शिकलेला रेल्वे कामगार आहे. तरी ‘द रेल्वे मेन’ ही चार भागांची हिंदी मालिका मी तीन वेळा पाहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली तेव्हा दोनदा आणि परवा तुघलकाबादच्या रेल्वे वसाहतीत शेजाऱ्यांना जमवून पुन्हा एकदा.

विषय भोपाळच्या वायुकांडाचा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. मी तेव्हा भुसावळला मॅट्रिकच्या वर्गात होतो, वडील पॉइंट्समन. भोपाळ तेव्हा आपल्याच मध्य रेल्वेत होते. कित्येक दिवस वसाहतीत दुसरा विषय नव्हता.

के. के. मेनन यांनी स्टेशन मास्तर असा उभा केला आहे, की आमचे एक निवृत्त केबिनमन म्हणाले, “हा नट नाही, हा ड्यूटीवर आहे.” यापेक्षा मोठे बक्षीस कोणते? पण मालिकेत या मास्तरचे नाव इफ्तेखार सिद्दिकी आहे. खरा माणूस होता गुलाम दस्तगीर, भोपाळचे उप स्टेशन अधीक्षक. फलाटावर गच्च भरलेली गोरखपूरची एक्सप्रेस उभी होती. दस्तगीर यांनी ती वेळेआधी सोडली, आजूबाजूच्या स्टेशनांना निरोप देऊन इतर गाड्या भोपाळच्या बाहेरच थांबवायला लावल्या आणि स्वतः फलाटावरच राहिले.

ते पाहताना सुनबाईने विचारले, “बाबा, गाडी थोडी आधी सोडली तर त्यात एवढे काय?” रेल्वेबाहेरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. मी म्हटले, “पोरी, कंट्रोलच्या मंजुरीशिवाय वेळेआधी गाडी सोडणे म्हणजे नोकरी पणाला लावणे.” नियम प्रवाशांच्या जिवासाठीच असतात. त्या रात्री जीव वाचवायला नियम मोडावा लागला आणि दस्तगीर यांनी जबाबदारी अंगावर घेतली. संघटनेच्या कामात मी अशा माणसांच्या बाजूने चौकशीला बसलो आहे. माल वाचला, माणसे वाचली, तरी हातात चार्जशीट! काम फत्ते झाले तर श्रेय वरच्यांना, फसले तर दोष खालच्याला.

म्हणून माझी थोडी तक्रार आहे. पोलिसाच्या वेशातला चोर, मदतगाडी घेऊन निघणारा जनरल मॅनेजर, हे सगळे रंगतदार आहे, माधवन यांचे कामही झकास. पण स्टेशन एकटा वीर चालवत नसतो. पॉइंट्समन, हमाल, सफाईवाला, बुकिंग क्लार्क यांच्या जोरावर ते उभे असते. त्यांना मालिकेने आणखी वेळ द्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट आपल्या कामाची. कारखान्याची हेळसांड मालिकेत दिसते, पण तिच्यामागचा हिशेब आपण समजून घ्यावा. खर्च वाचवण्यासाठी त्या वायूच्या विभागात पाळीला १२ माणसे होती, त्यांची ६ केली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद केली. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून लिहून धोका सांगत होते. कोणी ऐकले नाही. हजारो माणसे मेली. २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने कारखान्याच्या भारतीय अधिकाऱ्यांना शिक्षा दिली ती दोन वर्षांची, आणि जामीन लगेच मिळाला. माणसे कमी करणे ही काटकसर नसते. ती उधारी असते, आणि ती गरीब माणूस जिवाने फेडतो. पद रिकामे ठेवून एकाकडून दोघांचे काम घेतले जाते, तेव्हा हे आठवावे.

भोपाळ स्टेशनावर त्या रात्री गेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे स्मारक आहे. त्यावर दस्तगीर यांचे नाव कोरले गेले नाही, कारण ते त्या रात्री मेले नाहीत. वायूने पोळलेला घसा घेऊन दवाखान्यांच्या वाऱ्या करत ते २००३ पर्यंत जगले. हळूहळू मेलेला माणूस शहीद नसतो काय?

स्मारकावर नाही, मालिकेत नाही, निदान आपल्या तोंडी तरी ते नाव असू द्या. शाखा-शाखांतून ही मालिका दाखवा आणि शेवटी दिवे लागले की उभे राहून सांगा: त्या मास्तरचे खरे नाव गुलाम दस्तगीर होते.