कोव्हिड-१९ महासाथ आणि महाराष्ट्रातील कुस्ती

कोव्हिड-१९च्या महासाथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्रातील कुस्तीचा सराव, स्पर्धा आणि मल्लांचे दैनंदिन जीवन विस्कळीत झाले. इतर खेळांनाही फटका बसला. परंतु कुस्ती हा अंगाला अंग भिडवून खेळायचा खेळ आहे आणि राज्यातील असंख्य मल्लांचा चरितार्थ गावोगावच्या मैदानांवर चालतो. त्यामुळे येथील परिणाम अधिक खोल होता.

बुडालेले हंगाम

देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी लागू झाली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांतील अनेक ग्रामदैवतांच्या यात्रा चैत्र-वैशाखात भरतात आणि यात्रेची सांगता बहुधा कुस्त्यांच्या मैदानाने होते. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून नामवंत मल्लांच्या मोठ्या इनामाच्या लढतींपर्यंत सारे या काळात घडते. शेतकरी कुटुंबातील मल्ल हंगामात मिळालेल्या इनामातून दूध, तूप, बदाम, अंडी आणि मटण असा वर्षाचा खुराक भागवतो. यात्रा रद्द होणे म्हणजे त्याच्यासाठी केवळ स्पर्धा हुकणे नव्हते, तर वर्षाची बेगमी जाणे होते. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध आले आणि सलग दुसरा हंगाम बुडाला. कोल्हापूर-सांगली परिसराने तर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ असे दोन महापूरही याच सुमारास सोसले.

तालमी बंद पडल्या तेव्हा

कोल्हापुरातील गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग यांसारख्या तालमी या केवळ व्यायामाच्या जागा नव्हेत. बाहेरगावचे मल्ल तेथेच राहतात, स्वतःच्या हाताने रांधतात आणि पहाटेपासून वस्तादांच्या नजरेखाली मेहनत करतात. तालमी बंद होताच हे मल्ल आपापल्या गावी परतले. जोर, बैठका, दोरावर चढणे, शेताच्या बांधावरून धावणे हे एकट्याने करता येते. पकड आणि डाव मात्र जोडीदाराशिवाय घोटता येत नाहीत. तेल, ताक, हळद घालून मुरवलेली आखाड्यातील तांबडी मातीसुद्धा रोज खणावी लागते, नाहीतर ती घट्ट बसते.

सराव थांबल्यावर शरीराची दमश्वासाची क्षमता काही आठवड्यांतच घटू लागते. स्नायूंची ताकद तुलनेने अधिक काळ टिकते. म्हणून घरी राहिलेला मल्ल दिसायला धडधाकट असला, तरी लढत लांबली की त्याचा दम तुटतो. खुराक तोच आणि मेहनत कमी झाली, तर वजन वाढते. गादीवर वजनगटात लढणाऱ्यांना ते विशेष अडचणीचे ठरते. उलट ज्यांना खुराकच परवडेनासा झाला, त्यांची कमावलेली शरीरे उतरली. संसर्ग होऊन गेलेल्यांपुढे आणखी एक प्रश्न होता. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची शक्यता लक्षात घेऊन क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी टप्प्याटप्प्यानेच मेहनत वाढवण्याचा सल्ला दिला. ‘अंग मोडून मेहनत’ हाच संस्कार असलेल्या आखाड्यात तो पचनी पडणे सोपे नव्हते.

केंद्र सरकारने मे २०२० मध्येच प्रेक्षकांविना क्रीडासंकुले उघडण्यास मुभा दिली होती. राज्यातील व्यायामशाळा मात्र २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याला उघडल्या. यंत्रांमध्ये अंतर ठेवावे, घाम पुसावा अशा नियमांचा मेळ कुस्तीच्या मातीशी कसा घालायचा, याचे उत्तर त्या नियमांत नव्हते.

शिबिरातले आणि घरचे

महासाथीने सर्व खेळाडूंचे सारखेच नुकसान केले, हे विधान तपासून घ्यावे लागते. टोकियो ऑलिंपिक एक वर्षाने पुढे गेले आणि काहींना तयारीला अधिक वेळ मिळाला. पुरुष हॉकी संघ टाळेबंदीत बंगळुरूच्या साई केंद्रातच राहिला आणि २०२१ मध्ये त्याने ४१ वर्षांनंतर ऑलिंपिक पदक जिंकले. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉनचा राष्ट्रीय विक्रम केला. शिबिर म्हणजे अभेद्य कवच होते असेही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सुटीहून परतताना हॉकी कर्णधार मनप्रीत सिंग यांच्यासह अनेक खेळाडू बाधित आढळले. तरीही शिबिरात निवास, आहार आणि वैद्यकीय देखरेख होती. गावच्या मल्लाला यांपैकी काहीच नव्हते. खरी दरी येथे होती.

हुकलेले वय

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. २०२०-२१ मध्ये त्या झाल्या नाहीत आणि गटातील शेवटचे वर्ष असलेल्यांची संधी कायमची गेली. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेतील वाढीव क्रीडागुण आणि शासकीय नोकऱ्यांतील ५ टक्के खेळाडू आरक्षण हे दोन्ही स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर अवलंबून असतात. पदक पुढच्या वर्षीही जिंकता येते, वयोमर्यादा मात्र थांबत नाही. या प्रश्नाची चर्चा ऑलिंपिकच्या तुलनेत फारच थोडी झाली.

पुनरारंभ

जानेवारी २०२० मध्ये पुण्यात हर्षवर्धन सदगीर यांनी महाराष्ट्र केसरी किताब जिंकला होता. त्यानंतरची स्पर्धा थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात झाली आणि कोल्हापूरचे पृथ्वीराज पाटील विजयी ठरले. त्याच महिन्याच्या आरंभी राज्यातील निर्बंध उठले होते. चैत्रातल्या यात्रांत हलगी पुन्हा वाजली. मात्र दोन वर्षांच्या खंडात शेती, मजुरी किंवा कारखान्यातील कामाला लागलेले काही मल्ल तालमीत परतले नाहीत.