नंदीला आरती, सुताराला उपेक्षा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भंडारा जिल्ह्यात गावोगावी तान्हा पोळा भरतो. मुले आपापले लाकडी नंदी सजवून तोरणाखाली आणतात, नंदीला ओवाळले जाते, आणि मग घरोघर फिरून बोजारा मिळविला जातो. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, १८०६ च्या सुमारास, ही प्रथा सुरू झाली असे सांगतात. तिचा हेतू उघड आहे. ज्या मुलाने उद्या नांगर धरावयाचा, त्याला बैलाचे ऋण बालपणीच कळावे. म्हणजे हा नंदी केवळ खेळणे नव्हे आणि केवळ देवही नव्हे. शेतीतील श्रमाला समाजाने दिलेला तो मान आहे.

परंतु आज हा मान नेमका कोणाला मिळतो? नंदी-सजावटीच्या स्पर्धा होतात, फलकावर पुढाऱ्यांची छायाचित्रे झळकतात, बक्षीस नंदीच्या मालकाला मिळते. तो नंदी ज्याने कोरला त्या सुताराचे, झाडीत ज्याला वाढई म्हणतात त्याचे, नाव कोणी घेत नाही. ही केवळ सौजन्याची उणीव नव्हे. संस्कृतीला उत्पादनापासून तोडण्याच्या व्यवहाराचे हे लक्षण आहे.

लाकडी नंदी तीन गोष्टींवर उभा असतो: शेतातला बैल, सुताराचे कौशल्य आणि जंगलातले लाकूड. तिन्हींची अवस्था पाहावी. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांमधील सात वर्षांत देशातील नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. ट्रॅक्टर हे त्याचे एक कारण आहेच. परंतु महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी आणली. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही आणि त्याला पोसण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडला. ज्यांनी बैलाच्या रक्षणाची घोषणा दिली, त्यांनीच बैल बाळगणे गरिबाला महाग करून ठेवले.

सुताराचे काय? बलुतेदारीत त्याला नांगर-वखराच्या कामाबद्दल धान्य मिळे. ती व्यवस्था जातीच्या बेड्यांनी जखडलेली होती. ती मोडली याचे दुःख समाजवाद्याने करू नये. तथापि तिच्या जागी सुताराला ना रास्त मजुरी मिळाली, ना सहकारी संस्थेचा आधार. २०२३ मध्ये केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना आणली. तीत सुताराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. पटाशी आणि रंधा हाती आला, पण लाकूड कोठून आणावयाचे?

हाच खरा प्रश्न आहे. मालगुजारीच्या काळात गावजंगलातून घर, गाडा व नांगरासाठी लाकूड घेण्याचा गावकऱ्यांचा निस्तार हक्क वाजिब-उल-अर्जात नोंदलेला असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, ते योग्यच झाले; परंतु जंगल मालगुजाराकडून निघून लोकांकडे न येता सरकारकडे गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने ‘निस्तार’ हा शब्द सामूहिक हक्कांत पुन्हा आणला. मात्र शब्द कायद्यात आला म्हणजे लाकूड सुताराच्या अंगणात येत नाही. त्यासाठी ग्रामसभेला झगडावेच लागते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा लाकडी बाहुल्याचे एवढे अर्थकारण कशाला? पश्चिम आफ्रिकेचा दाखला त्यांनी पाहावा. तेथील दाहोमी राज्यातील, म्हणजे आजच्या बेनिनमधील, फोन लोक वोदुन परंपरेत घराच्या रक्षणासाठी लाकडी मूर्ती उभारतात; त्यांना बोचिओ म्हणतात. राजांच्याही अशा मूर्ती होत्या: ग्लेले राजाची सिंहरूपी, बेहांझिनची शार्करूपी. १८९२ मध्ये फ्रेंच सेनापती दोद्सने अबोमे जिंकले आणि त्या मूर्ती पॅरिसला गेल्या. बेनिनने मागणी लावून धरली, तेव्हा २०२१ च्या नोव्हेंबरात २६ वस्तू परत आल्या. पूजेचे लाकूड कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्या देशाला क्षुल्लक वाटला नाही. आणि त्या राजमूर्तींचा शिल्पकार म्हणून सोसा देदे याचे नाव आजही घेतले जाते. आपल्याकडे कोणी सेनापती आला नाही, मूर्ती गावातच राहिली. परंतु ती घडविणारा गावातूनच बेदखल झाला. ही लूट अधिक सोयीची, कारण तिच्यासाठी तोफ लागत नाही.

आणखी एक आक्षेप आपल्याच गोटातून येतो: हा सारा कर्मकांडाचा भाग, पुरोगाम्यांनी त्यात का पडावे? हा विचार आळशीपणाचा आहे. सणाचे मैदान मोकळे सोडले की ते फलकवाल्या पुढाऱ्यांच्या आणि धर्माच्या ठेकेदारांच्या ताब्यात जाते. नंदीपुढे हात जोडावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. नंदीमागच्या श्रमाचा हिशेब मागणे हे मात्र पक्षाचे काम आहे.

तेव्हा साकोली-लाखांदूरपासून तुमसर-मोहाडीपर्यंतच्या कार्यकर्त्यांनी येत्या तान्ह्या पोळ्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. सामूहिक वनहक्काच्या दाव्यांत शेतीची अवजारे व सुतारकामासाठी लागणाऱ्या लाकडाचा निस्तार स्पष्टपणे नोंदवावा. तालुक्यातील सुतारांना एकत्र आणून त्यांची सहकारी संस्था उभारावी. आणि स्पर्धेच्या प्रत्येक मंडळाकडे मागणी करावी की नंदीबरोबर तो घडविणाऱ्याचे नाव पुकारले जावे व बक्षिसाचा अर्धा वाटा त्याला मिळावा. मागणी लहान आहे. पण ती मान्य होईल त्या दिवशी तोरणाखाली नंदीच्या शेजारी प्रथमच सुतारही उभा असेल.