मधुमेह आणि नैराश्य : तपासणीत न विचारलेले दोन प्रश्न

भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला आयसीएमआर-इंडियाब अभ्यास सांगतो. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. दुसरीकडे, निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले.

हे दोन्ही आजार वेगवेगळे मोजले जातात, पण अनेकदा एकाच माणसाला गाठतात. रोजच्या गोळ्या, पथ्य, खर्च आणि डोळे-मूत्रपिंडाची काळजी यांनी मधुमेही थकतो. त्याला नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. नैराश्य आले की चालायला जाणे सुटते, गोळ्या चुकतात, झोप बिघडते आणि साखर वाढते. वाढलेली साखर पुन्हा मन खचवते.

मग अडते कुठे? तपासणीत साखर, रक्तदाब, वजन पाहिले जाते. मनाची चौकशी क्वचितच होते. रुग्णही ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प राहतो. नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे त्याच सर्वेक्षणात दिसले.

प्राथमिक चाचणीला दोन प्रश्न पुरतात : गेल्या दोन आठवड्यांत वारंवार उदास वाटले का? कशातच रस वाटेनासा झाला का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढची तपासणी हवी. बोलण्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. साखरेच्या अहवालाबरोबर हे दोन प्रश्न विचारायला वेगळे यंत्र लागत नाही.