वाहनांतील केबिन एअर फिल्टरची तपासणी व वेळेवर बदल सक्तीचा करण्याबाबत निवेदन

दिनांक : २० मे २०२६
स्थळ : चंद्रपूर

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, चंद्रपूर

विषय : प्रवासी वाहने, रुग्णवाहिका व मालट्रक यांच्या केबिनमधील एअर फिल्टरची पावसाळ्यापूर्वी तपासणी व्हावी आणि तो ठरावीक मुदतीत बदलण्याची अट लागू व्हावी, याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा आणि गडचांदूर भागात टूरिस्ट परवान्यावर गाड्या चालवणारे चालक-मालक आहोत. ताडोब्याला येणारे पर्यटक नागपूरहून मोहर्लीपर्यंत आम्ही आणतो. खाणींवर आणि सिमेंट कारखान्यांवर जाणारे साहेब आमच्या गाड्यांत बसतात. मोठ्या ऑपरेशनसाठी किंवा केमोसाठी नागपूरला निघालेला रुग्ण पहाटे चार वाजता आमच्याच मागच्या सीटवर उशी घेऊन आडवा झालेला असतो. आमचे स्वतःचे दिवसाचे दहा-बारा तास काचा लावून एसीच्या हवेत जातात. ती हवा ज्या एका घड्याघड्यांच्या फिल्टरमधून गाळून येते, त्याच्यासाठी हे निवेदन आहे.

या फिल्टरला गॅरेजमध्ये ‘एसी फिल्टर’ म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो डाव्या सीटसमोरच्या खणाच्या मागे, ब्लोअर आणि कूलिंग कॉइल यांच्या वाटेवर बसवलेला असतो. इंजिनाचा एअर फिल्टर वेगळा. इंजिनाचा फिल्टर आमच्यातला प्रत्येक जण वेळेवर बदलतो, कारण तो तुंबला की गाडीचे ॲव्हरेज पडते आणि खिशाला लगेच कळते. माणसाच्या श्वासाचा फिल्टर तुंबला तर मीटरवर काही दिसत नाही. फक्त ब्लोअर चारवर ठेवला तरी हवा दोनची येते, आणि चालक म्हणतो, गॅस कमी झाला असेल. आमच्यापैकी कित्येकांनी याच समजुतीने एसीचा गॅस भरून घेतला आहे. दोष होता काही शे रुपयांच्या फिल्टरचा.

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हा फिल्टर साधारण १५ ते २० हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदला असे असते, आणि धुळीच्या भागात त्याआधी बदला अशी एक ओळ बारीक अक्षरात असते. आपल्या जिल्ह्याला लागू आहे ती ही बारीक अक्षरातली ओळ. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत चंद्रपूरचे नाव होते. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार चोवीस तासांच्या सरासरीने पीएम १० हे घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत आणि पीएम २.५ हे ६० च्या आत हवे. उघड्या खाणी, कोळशाच्या सायडिंगा, औष्णिक केंद्राची राख आणि सिमेंट या सगळ्यांच्या मधून जिथे आमची रोजची फेरी जाते, तिथे पुस्तिकेतल्या मुदतीवर विसंबून चालत नाही. घुग्घुसकडे रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पाच-सहा हजार किलोमीटरलाच काळा पडतो. गडचांदूरच्या बाजूच्या गाडीचा फिल्टर राखाडी होतो, आणि दमट हवेत ती धूळ घड्यांमध्ये पापुद्र्यासारखी धरते. तीन गाड्यांचे जुने फिल्टर कागदी पिशव्यांत घालून, वर किलोमीटर लिहून, या निवेदनासोबत जोडले आहेत. हातात घेऊन पाहावेत, अशी विनंती आहे.

एक प्रसंग इथे लिहिणे भाग आहे. निवेदनाचा मसुदा करणारा मी गेल्या वर्षी एका वृद्ध बाईंना तपासणीसाठी नागपूरला नेत होतो. गाव सोडल्यापासून त्या खोकत होत्या. वरोऱ्याच्या अलीकडे त्या म्हणाल्या, “भाऊ, तो एसी बंद कर बरं, त्या हवेनं घसा धरते.” एसी बंद करून काचा उघडल्या, तर पुढे भरलेल्या ट्रकांची रांग. काच लावावी तर घसा धरतो, उघडावी तर डोळ्यांत धूळ. त्या दिवशी मला फार वाईट वाटले, कारण गाडीची सर्व्हिसिंग महिन्याभरापूर्वीच झाली होती आणि बिलात ‘एसी फिल्टर, १ नग’ अशी ओळ होती. घरी येऊन खण उतरवला. फिल्टर काळाकुट्ट, घड्यांत कडुलिंबाची दोन वाळलेली पाने आणि उंदराच्या लेंड्या. तो फिल्टर बदलला की नाही, याची खात्री करण्याचा मार्ग माझ्याकडे तेव्हा नव्हता. म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देण्याआधी मी त्याच्या कडेच्या स्पंजावर बॉलपेनने एक फुली मारली. गाडी परत आली, बिलात पुन्हा ‘एसी फिल्टर, १ नग’. खण उतरवला. फुली जागच्या जागी होती. कंप्रेसरने हवा मारून वरची धूळ तेवढी उडवली होती. त्या गॅरेजचे नाव इथे घेत नाही, कारण आम्हाला एका दुकानाला धडा शिकवायचा नाही. सह्या करणाऱ्यांपैकी अनेकांना हाच अनुभव वेगवेगळ्या ठिकाणी आला आहे. जो भाग ग्राहकाच्या डोळ्यांआड असतो त्याचे असेच होत राहणार, म्हणून तो डोळ्यांसमोर आणावा, एवढेच आमचे म्हणणे.

हवा मारण्याबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण चालक बांधवांत हा गैरसमज घट्ट आहे. जोराच्या हवेने कागदी फिल्टरचे धागे फाटतात आणि मोठी धूळ उडाली तरी बारीक कण आतच अडकून राहतात. पाण्याने धुतला तर तो कामातून जातो. वास अडवणारा सक्रिय कोळशाचा थर एकदा भरला की झटकून पुन्हा ताजा होत नाही. याहून वाईट सवय म्हणजे ‘कूलिंग वाढेल’ म्हणून फिल्टरच काढून टाकणे. मग सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते, तिथल्या ओलाव्यात चिखल होतो, बुरशी धरते आणि गाडीत कुबट वास भरतो. कॉइल साफ करायला बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि खर्च हजारांत जातो. काही जुन्या स्वस्त गाड्यांत तर फिल्टरची खाच आहे, पण कंपनीतूनच फिल्टर आलेला नाही. मालकाला हे माहीतही नसते.

बदलायला मेकॅनिकच लागतो असेही नाही. खण रिकामा करावा, दोन्ही बाजू आत दाबून अडसर सोडवावेत, बाजूची दोरी असेल तर ती काढावी, म्हणजे खण खाली झुकतो. मागे आडवे झाकण दिसते. त्याच्या दोन खिट्या दाबल्या की फिल्टर सरळ बाहेर येतो. कडेला बाण छापलेला असतो, तो हवेच्या दिशेचा. जुन्याचा बाण कुठे होता ते पाहून नवा त्याच दिशेने घालायचा. काम दहा मिनिटांचे. मापात न बसणारा नकली फिल्टर मात्र घेऊ नये, कारण कडेने फट राहिली की हवा फिल्टर टाळून त्या फटीतून जाते.

पावसाळा तोंडावर आहे, आणि आमची घाई त्यासाठीच आहे. पावसात समोरची काच आतून धुकट होते. ती पुसायला ब्लोअरची जोरदार हवा काचेवर लागते. फिल्टर तुंबलेला असेल तर हवा येत नाही, चालक एका हाताने फडके फिरवतो आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरतो. भरलेल्या ट्रकांच्या रस्त्यावर रात्री हे काय असते, ते आम्ही रोज अनुभवतो. दुसरे असे की बाहेरची हवा नको म्हणून चालक आतलीच हवा फिरवणारे बटण तासन्‌तास दाबून ठेवतो. बंद गाडीत चार माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि झापड येते. फिल्टर चांगला असेल तर सायडिंग ओलांडल्यावर ते बटण सोडून बाहेरची हवा निर्धास्त घेता येते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे आमच्या गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी आम्ही पासिंग करून घेतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार त्यात ब्रेक, दिवे, टायर, धूर, वायपर असे बरेच काही पाहिले जाते. काच बाहेरून पुसणारा वायपर त्या यादीत आहे, आतून पुसणाऱ्या हवेचा फिल्टर नाही. आता तर केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला आहे. ट्रकवाल्या बांधवांसाठी हा फार मोठा निर्णय आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तापलेल्या पत्र्याखाली बसलेला माणूस आम्ही पाहतो. पण कोळसा वाहणाऱ्या ट्रकच्या बंद केबिनमध्ये एसी आला आणि त्याच्या फिल्टरकडे कोणी पाहिलेच नाही, तर चालक काच लावून तीच धूळ ओढत राहील.

यास्तव आमच्या मागण्या अशा.

शासकीय कामासाठी भाड्याने घेतल्या जाणाऱ्या गाड्यांच्या करारात दर ५ हजार किलोमीटरला फिल्टरची तपासणी, आणि १० हजार किलोमीटरला किंवा पावसाळ्यापूर्वी, जे आधी येईल तेव्हा, बदल अशी अट घालावी. लॉगबुकात त्याचा एक रकाना असावा. ही अट आमच्याच डोक्यावर येणार आहे हे आम्ही जाणतो, आणि तरीही ती मागतो. मात्र भाड्याचा दर ठरवताना हा खर्च धरावा, नाहीतर निविदेत सर्वांत कमी दर भरणारा पहिली काटछाट इथेच करील.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षपद आपल्याकडे असते. परिषदेने हा विषय घेऊन जिल्ह्यातील गॅरेज व सर्व्हिस सेंटरना सूचना द्यावी की फिल्टर बदलल्यास जुना फिल्टर ग्राहकाला दाखवूनच बिल करावे, आणि तसा फलक मराठीत दर्शनी भागात लावावा. नव्या फिल्टरच्या कडेवर तारीख व किलोमीटर लिहायला पेनाची एक ओळ पुरते. आमच्या दृष्टीने ही सगळ्यांत महत्त्वाची मागणी आहे. बाकी काही लांबले तरी चालेल, हे लांबवू नये.

खाणबाधित गावांत धावणाऱ्या रुग्णवाहिकांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून बारीक कण अडवणारे, दाट विणीचे फिल्टर पुरवावेत. प्रदूषण नियंत्रण आणि आरोग्य ही दोन्ही कामे त्या निधीच्या प्राधान्यक्रमात आहेत. दमेकरी रुग्णाला ऑक्सिजन लावून नेताना भोवतालची हवा तरी स्वच्छ असावी.

योग्यता तपासणीत केबिन फिल्टरचा समावेश व्हावा, अशी शिफारस मा. परिवहन आयुक्तांमार्फत केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाकडे पाठवावी. नियम केंद्राचा आहे, तो जिल्ह्यात बदलत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण कोळशाच्या जिल्ह्यातून गेलेल्या शिफारशीला वजन असते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आयटीआयच्या मोटार मेकॅनिक शाखेतील विद्यार्थ्यांच्या मदतीने एक दिवसाचे तपासणी शिबिर घ्यावे. फिल्टरचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत, बसवायचे कसे ते मुलांनी दाखवावे. निघालेले जुने फिल्टर जाळू नयेत, एका जागी गोळा करून महानगरपालिकेकडे द्यावेत.

फिल्टर बदलल्याने जिल्ह्याची धूळ कमी होणार नाही. ट्रकांवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी, सायडिंगला आडोसा या मागण्या आपल्या जागी आहेतच आणि त्या ढिल्या पडू नयेत. ते होईपर्यंत गाडीत बसलेल्या माणसाला जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवावे, यासाठी हा अर्ज आहे.

आपण वेळ दिल्यास आम्ही एक गाडी कार्यालयाच्या आवारात आणून खण उतरवण्यापासून नवा फिल्टर बसवण्यापर्यंतचे काम आपल्यासमोर करून दाखवू. दुपारी तीननंतरची वेळ मिळाली तर नागपूरच्या फेरीवरून परतलेले चालकही हजर राहू शकतील.

आपले विश्वासू,
टूरिस्ट वाहनांचे चालक-मालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

सोबत : वापरलेले फिल्टर, ३ नग, दोन सर्व्हिसिंगच्या बिलांच्या छायाप्रती, गॅरेजचे नाव झाकून, फुली मारलेल्या फिल्टरचे छायाचित्र.

प्रत माहितीस्तव व कार्यवाहीस्तव : मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई.